आफ्रिकेतील मौखिक कथा : उपजीविका आणि संघर्ष यांचे वाचन

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता याव्यात :

१. मौखिक कथेतून त्या समाजाचा पोटापाण्याचा व्यवसाय कसा ओळखावा, हे उदाहरणांसह सांगणे.
२. कथेत कोणता संघर्ष मांडला आहे आणि तो कोणाच्या बाजूने मांडला आहे, हे शोधणे.
३. कथा हा पुरावा म्हणून वापरताना कोणती काळजी घ्यावी, हे स्पष्ट करणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे मानव्यविद्येचा एक ऐच्छिक विषय असतो आणि त्याच्या पहिल्याच तासाला दरवर्षी कोणीतरी विचारते, "सर, कोळ्याच्या आणि हरणाच्या गोष्टी वाचून आम्हाला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. या पाठात त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

'आफ्रिकी कथा' असा एकच एक प्रकार नाही, हे आधी लक्षात घ्यावे. आफ्रिका खंडात पन्नासहून अधिक देश आणि दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत. वाळवंटाच्या कडेला गुरे राखणारा समाज, घनदाट जंगलात कंद लावणारा समाज आणि कोरड्या माळावर शिकार करणारा समाज यांच्या कथा एकसारख्या असणे शक्य नाही. म्हणून आपण चार वेगवेगळ्या समाजांच्या कथा घेऊ. मासाई (पूर्व आफ्रिका), मांदे (पश्चिम आफ्रिका), अकान (घाना) आणि खाम (दक्षिण आफ्रिका) हे ते समाज होत. त्यानंतर, काळाबरोबर कथा कशी बदलते हे पाहू.

मौखिक कथा म्हणजे केवळ 'न लिहिलेली कथा' नव्हे. ती कोणीतरी, कोणासमोर तरी, एका विशिष्ट प्रसंगी सांगतो. ऐकणारे मध्येच हुंकार देतात, प्रश्न विचारतात, गाण्याचे पालुपद धरतात. सांगणारा समोरची माणसे पाहून कथा लांबवतो किंवा आखडती घेतो. रूथ फिनेगन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकी मौखिक साहित्यावरील ग्रंथात याच गोष्टीवर भर दिला होता. कागदावर उतरलेला मजकूर हा सादरीकरणाचा केवळ एक भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढची उदाहरणे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

२. मासाई : गुरे कोणाची?

मासाई लोक केनियाच्या दक्षिण भागात आणि टांझानियाच्या उत्तर भागात राहतात. परंपरेने ते पशुपालक. दूध, मांस आणि प्रसंगी गुरांचे रक्त हा त्यांचा आहार. लग्नातील देणे, दंड, मैत्री, प्रतिष्ठा हे सारे गुरांत मोजले जाई. जमीन नांगरणे हे काम जुन्या मासाई समाजात कमी प्रतीचे मानले जाई.

त्यांची एक कथा अशी आहे. आरंभी गुरे आकाशात, एन्काई या देवतेजवळ होती. एन्काईने एका मासाई पुरुषाला मोठे कुंपण बांधायला सांगितले आणि आकाशातून कातड्याचा एक लांब पट्टा खाली सोडला. त्या पट्ट्यावरून गुरे एकामागून एक खाली उतरू लागली. जवळच एक दोरोबो राहत होता. दोरोबो म्हणजे शिकार आणि मध गोळा करून जगणारे लोक. गुरे पाहून तो आश्चर्याने ओरडला आणि गुरे येणे थांबले. काही पाठांत तो रागाने बाण मारून तो पट्टाच तोडतो. तेव्हापासून गुरे मासाईंची आणि रानातील जनावरे दोरोबोंची.

दुसऱ्या एका प्रचलित कथेत देव तीन मुलांना तीन वस्तू देतो. एकाला बाण, दुसऱ्याला कुदळ आणि तिसऱ्याला गुरे हाकण्याची काठी. शिकारी, शेतकरी आणि गुराखी अशी तीन घराणी त्यातून निघाली.

आता या कथांचे वाचन करू. पहिल्या थरात उपजीविका दिसते. कुंपण, कातड्याचा पट्टा, काठी या रोजच्या वापरातील वस्तू आहेत. ज्या समाजाचे सारे धन चालते-फिरते असते, त्याला 'धन आकाशातून चालत आले' असेच सुचणार. दुसऱ्या थरात शेजारी दिसतात. एकाच माळरानावर तीन प्रकारची माणसे जगत होती, हे कथा मान्य करते. तिसऱ्या थरात मात्र दावा आहे. जगातील सर्व गुरे मुळात आम्हालाच दिलेली असतील, तर दुसऱ्याच्या कुंपणातील गाय हाकून आणणे ही चोरी ठरत नाही. ती आपल्याच मालाची परतफेड ठरते. शेजारच्या समाजांवर टाकलेल्या धाडींना या समजुतीचा आधार मिळत असे. 'दोरोबो' हा शब्दही मासाईंचाच आहे. ज्याच्याकडे गुरे नाहीत तो, म्हणजेच गरीब, असा त्याचा अर्थ. शिकाऱ्याची ओळख, त्याच्याकडे काय नाही यावरून ठरवली गेली.

येथे एक प्रश्न वहीत लिहून ठेवा : हीच कथा दोरोबोने सांगितली असती, तर पट्टा कोणी तोडला असता?

दैवी देणगीची कथा सांगणारेच पुढे दुसऱ्या बाजूला आले. १८९० च्या दशकात बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतील गुरे मोठ्या प्रमाणावर मेली. त्यानंतर ब्रिटिश सत्तेने १९०४ आणि १९११ साली केलेल्या करारांनी मासाईंना रिफ्ट खोऱ्यातील आणि लाइकिपियातील चांगल्या कुरणांवरून हलवले. ती जमीन युरोपीय वसाहतवाल्यांना हवी होती. मासाईंनी न्यायालयात दाद मागितली, पण दावा फेटाळला गेला. आकाशातून गुरे मिळाल्याची कथा होती. कुरण कोणाचे याचा कागद मात्र दुसऱ्याच्या हातात होता.

३. मांदे : लोहार, भाट आणि राजा

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या माली आणि गिनी या देशांच्या परिसरात, तेराव्या शतकात माली साम्राज्य उभे राहिले. त्याच्या संस्थापकाची, म्हणजे सुंजाता केइता याची, गाथा आजही गायली जाते. ती गाणाऱ्यांना 'जेली' म्हणतात. फ्रेंच अमलानंतर 'ग्रियो' हा शब्द रूढ झाला. जेली हा पिढीजात व्यवसाय आहे. वंशावळी पाठ ठेवणे, स्तुती करणे, भांडणात मध्यस्थी करणे ही जेलींची कामे. लोहार आणि कातडे कमावणारे यांचीही अशीच वेगळी पिढीजात घराणी होती. इतिहासकार जिब्रिल तामसीर नियान यांनी गिनीतील मामादू कुयाते या जेलीकडून ऐकलेली गाथा १९६० साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली आणि ती जगभर पोचली.

गाथेचा गाभा थोडक्यात असा. राजाची दुसरी बायको सोगोलोन हिचा मुलगा सुंजाता याला कित्येक वर्षे चालता येत नाही. एकदा सोगोलोन सवतीकडे कालवणासाठी गोरखचिंचेचा पाला मागते. सवत टोमणा मारते की, माझा मुलगा पाला तोडून आणतो, तुझा का नाही आणत? आईचा अपमान ऐकून सुंजाता लोखंडाची जाड कांब मागवतो, तिचा आधार घेऊन उठतो आणि कांब धनुष्यासारखी वाकते. मग तो गोरखचिंचेचे झाडच उपटून आईच्या दारात आणतो. पुढे सावत्र भावाच्या भीतीने हद्दपारी, मेमा राज्यात आश्रय, सोसोचा राजा सुमांगुरू याचे मांदे प्रदेशावर आक्रमण आणि शेवटी इ. स. १२३५ च्या सुमारास किरिना येथील लढाईत सुंजाताचा विजय.

यात उपजीविका पावलोपावली आहे. गोरखचिंचेचा पाला वाळवून, कुटून कालवण दाट करण्यासाठी वापरणे हा त्या कोरड्या प्रदेशातील नेहमीचा स्वयंपाक. म्हणूनच महाकाव्यातील एवढा मोठा प्रसंग मूठभर पाल्यावरून घडू शकतो. लोखंडाचे तर पूर्ण राजकारण आहे. नायक उभा राहतो तो लोहाराने घडवलेल्या कांबेच्या आधाराने, आणि त्याचा शत्रू सुमांगुरू हाही लोहार कुळातला. लोखंड गाळणारा माणूस कुदळही देतो आणि भाल्याचे पातेही देतो. भट्टीचे ज्ञान गुप्त असल्याने त्याच्याकडे जादू आहे, असे इतरांना वाटते. गाथेत सुमांगुरू साध्या शस्त्राने मरत नाही. पांढऱ्या कोंबड्याची नखी लावलेला बाणच त्याला बाधतो. तंत्रज्ञान ज्याच्या हातात आहे त्याच्याविषयी समाजाला वाटणारा आदर आणि भीती, दोन्ही येथे एकत्र दिसतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा भाग जरूर विचारात घ्यावा.

संघर्षासाठी मांदे भाषेतच दोन नेमके शब्द आहेत. 'फादेन्या' म्हणजे एका बापाच्या, वेगवेगळ्या आयांच्या मुलांमधील चढाओढ. 'बादेन्या' म्हणजे एका आईच्या मुलांमधील सलोखा. बहुपत्नीक घरात वारसा आणि मान यांवरून होणारी चढाओढ हे रोजचे वास्तव होते. गाथा म्हणते की, फादेन्यामुळे पराक्रम घडतो, पण घर फुटते. बादेन्यामुळे घर टिकते. सुमांगुरूच्या घरातही हाच दोष आहे. तो आपला भाचा फाकोली याची बायको पळवतो आणि फाकोली सुंजाताला येऊन मिळतो.

गाथेतील सारेच कल्पित आहे, असे मात्र नाही. चौदाव्या शतकातील अरबी इतिहासकार इब्न खल्दून यानेही मारी जाता नावाच्या राजाने सोसोंचा पाडाव केल्याची नोंद केली आहे. लढाईची मोठी चौकट स्वतंत्र साधनाशी जुळते. जादूचे आणि संवादांचे तपशील जुळवून पाहता येत नाहीत.

जेलीचा स्वतःचा पोटापाण्याचा प्रश्नही विसरू नये. तो ज्या घराण्यासमोर गातो त्याच्याकडून त्याला बिदागी मिळते. म्हणून गांबियातील पाठांत, तो प्रदेश जिंकणारा सेनापती तिरामाखान त्राओरे याला मोठे स्थान मिळते, तर इतरत्र तो मागे राहतो. गाथेत राजाची उपजीविका, लोहाराची उपजीविका आणि गाणाऱ्याची उपजीविका अशा तिन्ही गुंतलेल्या आहेत.

४. अकान : दुर्बलाची युक्ती

घानामधील अकान लोकांच्या कथांना 'अनान्सेसेम' म्हणतात. अर्थ, अनान्सी कोळ्याच्या कथा. सर्वांत प्रसिद्ध कथेत सर्व गोष्टी आकाशदेव न्यामे याच्या मालकीच्या असतात. अनान्सी त्या विकत मागतो. न्यामे किंमत सांगतो : अजगर, गांधीलमाश्या, बिबट्या आणि एक अदृश्य परी. मोठमोठी गावे ही किंमत देऊ शकली नव्हती.

अनान्सी बायकोचा सल्ला घेतो आणि कामाला लागतो. अजगराची लांबी मोजण्याच्या मिषाने त्याला फांदीवर ताणून वेलीने बांधतो. पाणी शिंपडून 'पाऊस आला' असे भासवतो आणि गांधीलमाश्यांना कोरड्या तुंब्यात शिरायला लावतो. बिबट्यासाठी वाटेवर खड्डा खणतो. परीसाठी लाकडी बाहुलीला झाडाचा चीक फासतो आणि तिच्या हातात कुटलेला यॅम ठेवतो. यॅम हा आपल्याकडच्या कोनफळाच्या जातीचा कंद.

या यादीकडे पुन्हा पाहा. वेलीची दोरी, भोपळ्याचा तुंबा, खड्ड्याचा सापळा, पक्षी धरण्याचा चीक आणि यॅम. पावसाळी जंगलात राहणाऱ्या, कंद लावणाऱ्या आणि सापळे रचणाऱ्या समाजाची ही जवळजवळ पूर्ण हत्यारपेटी आहे. कथा ऐकता ऐकता मूल सापळ्याचे तत्त्व शिकते.

संघर्ष येथे शेजाऱ्याशी नाही. तो लहान आणि मोठा यांच्यातील आहे. असांते राज्यात सत्तेची उतरंड कडक होती. आर. एस. रॅट्रे यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहाच्या निमित्ताने नोंदवले आहे की, एरवी ज्यांची थट्टा करणे शक्य नव्हते, अशा मोठ्यांची आणि देवांचीही थट्टा या रात्रीच्या कथांत चालत असे. सांगणारा आरंभीच 'हे खरे मानू नका' अशा अर्थाचे बोलून मोकळा होई. म्हणजे कथा ही तक्रार करण्याची सुरक्षित जागा होती. पण अनान्सी साधुसंत नाही. तो हावरा आहे, दुष्काळात घरच्यांचे अन्नही लाटतो आणि पुष्कळदा फजीत होतो. अन्न कमी असताना वाटणी कशी करावी, हा त्यातला खरा पेच.

अटलांटिक गुलामव्यापारात पकडून नेलेल्या लोकांबरोबर अनान्सी जमैका आणि सुरिनामला गेला. मळ्यावर हाती काही नसलेल्या माणसाला, बिबट्याला हरवणारा कोळी का जवळचा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

५. खाम : तुरुंगात सांगितलेल्या कथा

चौथे उदाहरण सर्वांत वेदनादायक आहे. खाम हे दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील शिकार आणि कंदमुळांवर जगणारे सान लोक. हळहळताना आपण जिभेने 'च्च च्च' असा आवाज काढतो, तो आवाज त्यांच्या भाषेत व्यंजन आहे आणि त्यांच्या नावाची सुरुवातही त्यानेच होते. देवनागरीत त्याला अक्षर नसल्याने येथे तो वगळला आहे.

एकोणिसाव्या शतकात त्यांच्या माळांवर मेंढपाळ वसाहतवाले आले. पाणवठे अडले, स्प्रिंगबॉकसारखी हरणे कमी झाली. भुकेलेली माणसे मेंढ्या मारू लागली आणि 'जनावरांची चोरी' या गुन्ह्यात केपटाऊनच्या ब्रेकवॉटर तुरुंगात आली. १८७० पासून भाषातज्ज्ञ विल्हेल्म ब्लीक आणि त्यांची मेहुणी लुसी लॉइड यांनी यांपैकी काही कैद्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांची भाषा व कथा उतरवून घेतल्या. ही हस्तलिखिते सुमारे १२,००० पानांची आहेत. १९९७ साली युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' नोंदवहीत त्यांचा समावेश झाला.

त्यातील एक कथा. कागेन हा प्रार्थनाकीटक, पण माणसासारखा वागणारा. तो जावयाच्या चपलेच्या तुकड्यापासून पाण्यात ईलंड हे मोठे हरीण निर्माण करतो आणि त्याला मध घालून वाढवतो. तो मध घरी आणत नाही, म्हणून घरच्यांना संशय येतो. ते माग काढतात, ईलंडाला मारतात आणि मांस वाटून घेतात. कागेन रडतो. रागाने तो ईलंडाचे पित्त फोडतो आणि सगळीकडे काळोख होतो.

शिकारी समाजातील सर्वांत मोठा नियम म्हणजे वाटणी. मध लपवणे हा अपराध आहे. पण आपण जपलेले जनावर मारले गेल्याचे दुःखही खरे आहे. ज्या प्राण्यावर आपले पोट आहे त्याच्याविषयी माया आणि त्यालाच मारण्याची गरज, हा शिकाऱ्याच्या मनातील संघर्ष कथेने सोडवला नाही, तसाच ठेवला.

काब्बो नावाच्या वृद्ध कथाकाराची शिक्षा संपल्यावरही तो अधिक शिकवण्यासाठी ब्लीक यांच्या घरी राहिला. त्याला दोन गोष्टींची ओढ होती : घरी जाऊन आपल्या माणसांच्या गोष्टी ऐकणे आणि कबूल केलेली बंदूक मिळणे. बंदूक असली की म्हाताऱ्यालाही शिकार साधते, असे त्याचे म्हणणे. एका कथाकाराच्या बोलण्यात उपजीविका आणि कथा इतक्या जवळ आलेल्या क्वचितच दिसतात. खाम भाषा पुढे बोलण्यातून नाहीशी झाली. २००० साली दक्षिण आफ्रिकेने आपले राष्ट्रीय बोधवाक्य याच भाषेत घेतले.

६. कथा बदलते तेव्हा

आता पुराव्याचा प्रश्न. घानाच्या उत्तरेकडील गोंजा राज्यात संस्थापक जाक्पा याची कथा विसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवली गेली. त्याला सात मुलगे होते आणि राज्याचे सात विभाग होते. सुमारे साठ वर्षांनी पुन्हा कथा नोंदवली तेव्हा दोन विभाग नाहीसे झाले होते आणि कथेत मुलगे पाचच उरले होते. जॅक गुडी आणि इयन वॉट यांनी १९६३ च्या लेखात हे उदाहरण दिले.

नायजेरियातील तिव लोकांचे उदाहरणही तसेच आहे. जमिनीचे आणि हक्कांचे वाद ते वंशावळीच्या आधारे सोडवत. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्या वंशावळी लिहून ठेवल्या. सुमारे चाळीस वर्षांनी तिव लोक म्हणू लागले की कागदावरच्या वंशावळी चुकीच्या आहेत. अधिकारी म्हणत, आम्ही तुमच्याच वाडवडिलांकडून लिहून घेतल्या.

खोटे कोण बोलत होते? कोणीच नाही. तिव लोकांसाठी वंशावळ ही आजचे संबंध सांगणारी गोष्ट होती. अधिकाऱ्यांसाठी ती भूतकाळाची नोंद होती. नकाशा बदलला की जुनी प्रत बाजूला ठेवून नवी वापरतात, तसे ते होते. फरक इतकाच की मौखिक परंपरेत जुनी प्रत शिल्लक राहत नाही. लेखनाने ती शिल्लक राहिली आणि भांडण मिटवणारी वंशावळ स्वतःच भांडणाचे कारण झाली.

म्हणून मौखिक कथा निरुपयोगी ठरते का? नाही. कथा दोन काळांविषयी बोलते : ज्या काळाची आहे तो आणि ज्या काळात सांगितली तो. दुसऱ्याविषयी ती अधिक विश्वासार्ह असते. भूतकाळासाठी वापरायची असेल तर अनेक पाठ आणि स्वतंत्र साधने ताडून पाहावी लागतात. यान व्हान्सिना यांनी १९६० च्या दशकापासून याच पद्धतीचा आग्रह धरला.

७. वाचनाची पद्धत

कोणतीही मौखिक कथा हाती आली की क्रमाने पुढील प्रश्न विचारा :

- कथेत कोणत्या वस्तू, अन्न, प्राणी आणि हत्यारे येतात? त्यांवरून व्यवसाय ओळखा.
- काय दुर्मीळ आहे? गुरे, पाणी, मांस, मान की वारसा? संघर्ष बहुधा तेथेच असतो.
- शेवटी कोणाचा हक्क सिद्ध होतो? कोण गप्प आहे?
- कोणी, कोणासमोर, कशाच्या बदल्यात सांगितली?
- कोणी लिहून घेतली आणि तेव्हा सत्ता कोणाकडे होती?

८. सारांश

मासाई कथेत गुरांवरील दावा दिसतो, सुंजाताच्या गाथेत लोखंड, घराणे आणि भाऊबंदकी दिसते, अनान्सीच्या कथेत जंगलातील कसब आणि दुर्बलाची युक्ती दिसते, तर खाम कथेत शिकार आणि वाटणी दिसते. यांतील एकही कथा तटस्थ नाही. प्रत्येकीमागे कोणाची तरी भाकरी आहे. "यातून काय मिळणार?" या सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, माणसे आपला हक्क कसा मांडतात, हे ओळखण्याची सवय मिळते. धरण, खाण किंवा रस्त्याचे काम घेऊन तुम्ही उद्या एखाद्या गावात जाल आणि तेथील म्हातारा जमिनीची गोष्ट सांगू लागेल, तेव्हा ती मध्येच तोडू नका. त्या गोष्टीत त्या गावाचा दावा असतो.

स्वाध्याय

१. मासाई कथा दोरोबोच्या बाजूने १५० शब्दांत पुन्हा लिहा. कोणते तपशील बदलावे लागले ते नोंदवा.
२. सुंजाताच्या गाथेत लोहाराविषयी आदर आणि भीती दोन्ही का आहेत?
३. गोंजा आणि तिव उदाहरणांत लेखनाची भूमिका कशी वेगळी आहे?
४. आपल्या घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक कथा ऐका आणि कलम ७ मधील पाच प्रश्न तिला लावून पाहा. शक्य असल्यास तीच कथा दुसऱ्या व्यक्तीकडूनही ऐका आणि फरक लिहा.